सेसना १७२: स्वतःचं की तासावर भाड्याचं?

अमेरिकेत सेसना १७२ हे चार आसनी, एका इंजिनाचं छोटं विमान जुनं विकत घ्यायचं की फ्लाइंग क्लबचं तासावर उडवायचं, हा हिशेब बहुतेक जण इंधनापासून मांडतात. तिथेच चुकतं. हे विमान तासाला साधारण ८ गॅलन, म्हणजे ३० लिटर पितं, मग ते कुणाचंही असो. भाड्याच्या दरात बहुधा इंधन धरलेलं असतं आणि इंजिन बंद केलं की मीटर थांबतो.

मालकाचा मीटर उभ्या विमानावरही पळतो: हँगरचं भाडं, विमा, दर १२ महिन्यांनी सक्तीची तपासणी. तपासणीची फी आधी ठरते खरी, पण इंजिनावरचं झाकण काढल्यावर एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब धरून ठेवण्याची ताकद) ८० पैकी ५५ म्हणजे फारच कमी निघतं आणि बिल कुठल्या कुठे जातं. शिवाय इंजिनाचं आयुष्य २००० तासांचं मानतात. त्यानंतरच्या ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायला, ४० हजार डॉलर धरले, तर उडालेल्या प्रत्येक तासामागे २० डॉलर बाजूला टाकायला हवेत. (टाकतं कोण!)

वर्षाला ५० तास उडणाऱ्याने माझ्या मते भाड्याचंच घ्यावं. मात्र दोन दिवस मुक्कामी न्यायचं म्हटलं की क्लब अनेकदा रोजचे किमान तास लावतो, म्हणजे तेवढं उडा न उडा, पैसे द्यायचेच, आणि रविवारी सकाळी आभाळ निवळतं तेव्हा विमान दुसऱ्याच्या नावावर लागलेलं असतं.