एए मीटिंग आणि स्पॉन्सर : सगळं स्वतःच ठरवायची सवय असलेल्यांसाठी रिव्ह्यू

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे ग्रुप; स्पॉन्सर म्हणजे तिथला आपल्याला मदत करणारा मेंबर. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येतंच.

आधी महत्त्वाचं, रोज भरपूर पिणाऱ्याने जोशात येऊन एकदम बंद करायची नाही, आधी डॉक्टर. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी डीटी, म्हणजे भास, थरथर, जिवावर बेततं. यावर मीटिंग हा उपाय नाही.

आता सर्व्हिस. 1935 पासून चालू आहे, फी नाही, मेंबर व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पण त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच अशी की आपण दारूपुढे हतबल आहोत हे मान्य करा, आणि माझ्यासारखीचं डोकं तिथेच सटकतं, अरे घर मी चालवते ऑफिस मी चालवते, हतबल कसली! तर तिथल्या एका जुन्या मेंबरचं शेअरिंग ऐकलं, फक्त वीकेंडला, फक्त बिअर, आठच्या आधी नाही, असे त्यांचे नियमच नियम, आणि मग म्हणाले ज्याला खरंच आवरतं त्याला एवढे नियम लागतात कशाला. गप्पच बसले मी.

बरं, दारू सुटली की कंट्रोल सुटतो असंही नाही, तो नुसता जागा बदलतो. मग टाइमटेबल, अ‍ॅपमधले आकडे, नवऱ्याने आता माझ्यावर कधीपासून विश्वास ठेवायचा याची पण तारीख मीच ठरवणार 😅 स्पॉन्सरला मी अख्खा रिकव्हरी प्लॅन ऐकवला, तिने शांतपणे ऐकला आणि विचारलं, आज जेवलीस का? तेव्हा राग आला होता पण मुद्दा बरोबर आहे, भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांत तलफ जास्त उसळते. तिचं सांगणं एवढंच, पार्टीला जायचं की नाही हे मी जायच्या आधी तिला फोन करून बोलायचं, प्यायल्यावर नाही. नोकरी सोडणं, घटस्फोट असले मोठे निर्णय सुरुवातीला पुढे ढकलायचे. आणि घरचे काय म्हणतील ते घरच्यांवर सोडायचं, हे सगळ्यात अवघड, मला अजून जमत नाही.

कापलेला स्टार : स्पॉन्सर म्हणजे डॉक्टर किंवा काउन्सेलर नाही, स्वतः सोबर असलेला मेंबर, बस. काही जण बॉसगिरी करतात, गोळ्या बंद कर म्हणणारे पण भेटतात. अशांचं अजिबात ऐकू नका, एएचं स्वतःचंही म्हणणं आहे की मेंबरने डॉक्टर बनू नये. दारूचा हट्ट सोडायचा म्हणजे आयुष्याची सूत्रं कुणा माणसाच्या हातात द्यायची असं नव्हे. देवाचा विषयही येतो, "आपल्याला समजेल तसा" म्हणतात, न मानणारे बरेच जण ग्रुपलाच उच्चशक्ती धरतात, मी पण तेच करते.

हे चालतं का? 2020 चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल, 27 अभ्यास, 10 हजारांवर लोक, पूर्ण दारूमुक्त राहण्यात बारा पायऱ्यांची पद्धत इतर उपचारांइतकी किंवा त्याहून सरस ठरली. तरी हतबल शब्द घशाखाली उतरतच नसेल तर 1994 पासूनचं स्मार्ट रिकव्हरी हा दुसरा स्वमदत ग्रुप आहे, तिथे भर स्वतःला सांभाळायला शिकण्यावर.

ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं, आणि एक ग्रुप पटला नाही तर दुसरा बघा, ग्रुपागणिक माहोल फार वेगळा असतो.