अकिलीस टेंडन तुटल्यावर: ऑपरेशन की नुसता बूट?

अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, तुटलं की एकतर ऑपरेशन करून टाके घालतात, नाहीतर पाऊल स्थिर ठेवणारा खास बूट घालून ते आपोआप जुळू देतात. वर्षभरानंतर रुग्ण स्वतः सांगतात ती स्थिती पाहिली, तर दोन्ही वाटा जवळपास सारख्याच. नॉर्वेतल्या ५२६ रुग्णांच्या चाचणीत (२०२२) हेच दिसलं. फरक आहे तो टेंडन पुन्हा तुटण्यात: ऑपरेशनविना ६.२ टक्के, ऑपरेशननंतर ०.६. उलट टाके घातले की जखम चिघळणं, नस दुखावून पाऊल बधिर होणं हे धोके येतात. मधुमेह असेल किंवा सिगारेट सुटत नसेल तर जखमेचा धोका जास्तच. अशांनी बूटच निवडावा, असं मला वाटतं. मात्र तो सुरुवातीलाच, पाऊल बोटांकडून खाली वळलेलं ठेवून लागायला हवा. नाहीतर टेंडन लांबट जुळू शकतं, आणि तसं झालं की टाच उचलायची ताकद कमी पडते. पोटरी मात्र दोन्हीकडे अनेकदा बारीकच राहते, त्यामुळे व्यायाम महिनोन्‌महिने चालू ठेवावाच लागतो.