खांदेदुखी: व्यायाम, इंजेक्शन की मशीनचा शेक?

तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाची छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) सगळं मांडवाखाली हात वर करून चालतं. खांदा धरला की बहुतेक जण आधी 'करंट', म्हणजे मशीनचा शेक, घ्यायला जातात. त्याआधी घरीच एक गोष्ट बघा.

कोपर काटकोनात वाकवून अंगाला चिकटवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. मग तोच हात घरच्या कुणाला हलकेच फिरवायला सांगा. त्यांनाही फिरवता येत नसेल, तर सांधाच आखडलाय. बहुधा फ्रोझन शोल्डर. चाळिशी-साठीच्या दरम्यान आणि मधुमेहींत हा जास्त. दुसऱ्याने फिरवल्यावर पूर्ण फिरतो, पण स्वतः हात उचलताना मध्येच कळ येते, तर दुखणं बहुधा रोटेटर कफच्या (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या गटाच्या) टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत आहे. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, खांदा गरम होऊन ताप असेल, किंवा डाव्या खांद्याबरोबर छातीत दाब आणि घाम असेल, तर या तुलनेत पडूच नका, थेट दवाखाना गाठा.

कफच्या दुखण्यात व्यायामाला तोड नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दाराच्या कडीला बांधा. कोपर आणि बरगड्यांमध्ये घडी घातलेला टॉवेल धरा. पंजा सावकाश बाहेर न्या, तीन-चार सेकंद घेत परत आणा. 10 ते 15 वेळा, असे 3 सेट, एक दिवसाआड. टॉवेल खाली पडला म्हणजे कोपर सुटलं आणि काम भलत्याच स्नायूवर गेलं. करताना दुखणं 10 पैकी 4 पर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलं असेल तर ट्यूबचा ताण कमी करा. फरक जाणवायला 6 ते 12 आठवडे लागतात आणि नेमकं इथेच बिघडतं: जरा बरं वाटलं की व्यायाम सुटतो, मांडवाखालचं काम मात्र पूर्ववत सुरू होतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने इथे काही आठवडे आराम पडतो, पण वरचेवर घेतल्यास टेंडन कमजोर होऊ शकतं.

फ्रोझन शोल्डरमध्ये गणित उलटं. रात्रीची झोप उडवणाऱ्या सुरुवातीच्या टप्प्यात सांध्यात दिलेलं इंजेक्शन नुसत्या व्यायामापेक्षा लवकर आराम देतं. मधुमेह असेल तर साखर काही दिवस, कधी आठवडाभर चढते. डॉक्टरांना आधीच सांगा आणि त्या दिवसांत घरी रोज मोजा. दुखणं उतरलं की ताण देण्याचे व्यायाम, प्रत्येक ताण 20-30 सेकंद, दिवसातून तीन-चार वेळा. या टप्प्यात मालिशवाल्याकडून हात ओढून 'मोकळा' करून घेऊ नका, सूज आणखी भडकते. इंजेक्शनने भागलं नाही तर सोनोग्राफीत बघत सांध्यात सलाइन भरून आवरण ताणतात, त्याला हायड्रोडायलेटेशन म्हणतात.

अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक), आयएफटी आणि टेन्स (दोन्ही 'करंट'ची मशीनं) यांचा आराम तात्पुरता. व्यायामाआधी दुखणं दबावं म्हणून टेन्स ठीक, पण दहा दिवस नुसतं मशीन लावून घरी पाठवत असतील तर फिजिओथेरपिस्ट बदला. शॉकवेव्ह (बाहेरून दिलेले ध्वनिलहरींचे ठोके) घ्यायची ती मुख्यतः एक्स-रेत टेंडनमध्ये कॅल्शियमचा साठा दिसला तर. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) महाग आहे आणि त्याचा फायदा अजून ठामपणे सिद्ध झालेला नाही. तीन महिने नीट व्यायाम झाल्याशिवाय त्यात पैसे घालू नका.