यूएसबी मापन कार्ड : कंपनीचा ड्रायव्हर की विंडोजचा?

कापसाच्या जिनिंगमध्ये रेच्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांच्या, बेअरिंगचे तापमान संगणकावर नोंदवण्यासाठी यूएसबी कार्ड घ्यायचे झाल्यास निवड शेवटी ड्रायव्हरपाशीच, म्हणजे कार्ड विंडोजला ओळखता यावे म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमपाशीच, येऊन ठेपते, असे माझे मत आहे. एकीकडे निर्मात्याचा खास ड्रायव्हर मागणारी डेटा अक्विझिशन कार्डे आहेत. दुसरीकडे सीडीसी या यूएसबीच्या प्रमाणित संवाद-वर्गातील कार्डे, ज्यांना विंडोज १० स्वतःच्याच ड्रायव्हरने कॉम पोर्ट, म्हणजे प्रोग्रॅमला माहिती वाचता येईल असा क्रमांकित मार्ग, देते. पांढरकवडा परिसरातील एका जिनिंगमध्ये मी दोन्ही चालवली आहेत.

मापनात पहिल्या प्रकाराचे पारडे जड आहे, हे मान्य केले पाहिजे. बेअरिंगची थरथर मोजायची असल्यास सेकंदाला हजारो नमुने लागतात आणि तेथे दुसरा पर्याय फारसा उरत नाही. सीडीसी कार्डाला थर्मोकपलसाठी, म्हणजे दोन धातूंच्या तारांच्या तापमान संवेदकासाठी, वेगळी चिप जोडावी लागते. मॅक्स३१८५५ ही चिप ०.२५ अंशाच्या टप्प्याने तापमान देते, आणि बेअरिंग तापते आहे की नाही एवढे कळण्यास ते पुष्कळ झाले.

माझ्यापुरता निर्णय मात्र एका कटकटीने केला. कंपनीचे कार्ड जुने, त्याच्या ड्रायव्हरची डिजिटल सही (ड्रायव्हर खात्रीचा असल्याची खूण) नव्या विंडोजला अमान्य, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ५२. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन एफ७ दाबणे आणि सहीची तपासणी थांबवणे. उपाय चालतो, पण पुढच्या रीस्टार्टपर्यंतच. ऐन हंगामात रात्री लाइन गेली आणि यूपीएसनेही मान टाकली, की नंतर सुरू होणारा संगणक पुन्हा तपासणीसकट उठतो. रात्रपाळीच्या माणसाला एफ७ आठवले नाही, तर रेचे रात्रभर चालतात आणि तापमानाचा रकाना सकाळी कोरा सापडतो.

सीडीसी कार्डही निर्दोष नाही. ज्या चिपमध्ये अनुक्रमांक नसतो, ती दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावताच कॉम क्रमांक बदलतो आणि नोंदीचा प्रोग्रॅम जुनाच क्रमांक शोधत बसतो. पोर्ट सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात क्रमांक नेमून दिला आणि ठरलेल्या पोर्टशेजारी ऑइल पेंटचा ठिपका लावला, की बहुधा भागते. पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय) मात्र दोन्हींसाठी बंद ठेवावे.

थरथर मोजण्याची खरीच गरज असेल, तर कंपनीचे कार्ड अवश्य घ्यावे. पण पैसे देण्यापूर्वी आपल्या विंडोजला चालणारा, सही असलेला ड्रायव्हर आहे का ते विचारावे आणि इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवरच मागून घ्यावा, कारण एवढी मोठी फाइल गावातील मोबाइल नेटवर्कवर संध्याकाळी उतरेलच असे नाही. केवळ तापमानासाठी विचाराल, तर मी सीडीसी कार्डाकडे झुकेन.