३८ हजारांची टॉर्च आणि माझ्याच स्विचचं आमिष

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर मला १९ वर्षं झाली. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात, आता स्वतःच्या दोन मशीनच्या शेडमध्ये. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड, बुश (सरकत्या भागाभोवती बसणारी छोटी नळी), फौंड्रीतून येणारं बिडाचं कास्टिंग, असलं काम. हे आधीच सांगतो, कारण धातूतलं काही कळत नसलेला माणूस फसला असं कुणी समजू नये. मला कळतं, आणि त्यानं तेच हेरलं.

टॉर्चचं वेड लहानपणापासूनचं. आमचं मूळ घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसायचा आणि रात्री शेताकडं निघालं की गव्याची नाहीतर अस्वलाची भीती. बाबांच्या हातात तीन सेलची पत्र्याची बॅटरी असायची. (आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल.) तिचा सरकवायचा स्विच ओल धरायचा आणि नेमका वाटेत दगा द्यायचा. मग बाबा ती मांडीवर दोन-तीनदा आपटायचे की पेटायची. स्विच या वस्तूबद्दलचं माझं खूळ त्या आपटण्यातूनच आलं असावं.

ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांना ३८ हजारांची टॉर्च ऐकून हसू येईल. आमच्या घरीही आलं. एकटा-दुकटा कारागीर २०, ३०, फार तर ५० नग करतो, प्रत्येकावर नंबर कोरतो, आणि परत तो नमुना करत नाही. धातू बहुतेक वेळा ग्रेड ५ टायटॅनियम, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. खरं तर टॉर्चच्या अंगाला हा धातू सोयीचा नाही. उष्णता वाहून नेण्यात तो ॲल्युमिनियमच्या विसाव्या हिश्शालाही पुरत नाही, त्यामुळं एलईडीची धग डोक्यातच कोंडते आणि पूर्ण उजेड फार वेळ धरता येत नाही. लेथवरही तो छळतो. धग चिपबरोबर निघून जात नाही, इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, टोकावर बसते आणि टोक जळतं. तरी लोकांना तोच पाहिजे. गंजत नाही, हातात हलका लागतो, व्होल्टेज देऊन ॲनोडाइझ केला की रंग न लावता निळा-जांभळा होतो. मलाही तोच पाहिजे होता, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

पण या नादातल्या लोकांचा खरा जीव स्विचमध्ये. शेपटीच्या टोपणाला, म्हणजे टेलकॅपला, जो दाबायचा स्विच असतो त्याच्या दोन जाती. फॉरवर्ड क्लिकीत अर्धवट दाबलं की उजेड पडतो, बोट सोडलं की जातो, आणि पूर्ण दाबलं की टक् होऊन कायमचा पेटतो. कुत्रं भुंकलं, क्षणभर बघून घ्यायचंय, तर हा. रिव्हर्स क्लिकी उलट्या चालीचा. आधी पूर्ण दाबून सोडायचं, मगच पेटतो, आणि पेटल्यावर अर्धवट दाबलं की उजेड कमी-जास्त होतो. स्वस्त टॉर्चमध्ये बहुतेक हाच असतो. तिसरी तऱ्हा फिरत्या कड्याची. कड्यात लोहचुंबक, आत चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, मध्ये टायटॅनियमची भिंत. टायटॅनियम चुंबकाला आडवं येत नाही, म्हणून भोक पाडावं लागत नाही आणि पाणी शिरायला वाटच राहत नाही. बटण किती खोल जातं, टक् कुठं होतं, परत येताना खरखरतं का, यावर आमच्यातली माणसं तासन्‌तास बोलतात. बायको म्हणते, पोरीच्या शाळेबद्दल एवढं बोलला असता तर!

तर मला फसवणारा हा माणूस. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. आम्ही त्याला ‘सर’ म्हणायचो. त्याची पहिली बॅच खरी होती. कोल्हापूरच्या एका मित्राकडं मी ती हातात घेऊन बघितली होती. आटे फिरवताना टायटॅनियमवर टायटॅनियम घासल्याची ती विशिष्ट करकर होती, बटण चोख होतं. दुसरी बॅच ३० नगांची निघणार म्हटल्यावर मी त्याच रात्री १०,००० रुपये बुकिंग भरलं. खातं कुणा बाईच्या नावावर. ‘मिसेसचं आहे, जीएसटीची भानगड नको.’ मला ते चालवून घ्यावंसं वाटलं, एवढंच.

चार दिवसांनी त्याचा फोन. ‘तुम्ही उद्यमबागेत आहात ना? मग तुम्हालाच विचारतो. बटण टायटॅनियमचं, टेलकॅप टायटॅनियमची, दोन्ही एकमेकांना धरतात. काय करू?’

इथं मी गेलो. १९ वर्षांत मला इतक्या आदरानं कुणी काही विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक येतं ते ड्रॉइंग टाकतं आणि भाव पाडतं. मी त्या रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो आणि आख्खा स्विच काढून दिला. बटणाभोवती कांशाचा बुश, म्हणजे टायटॅनियमला टायटॅनियम लागणारच नाही. खाली पाणी अडवायला रबराची ओ-रिंग. स्प्रिंगला समांतर तांब्याची बारीक तार, म्हणजे करंट स्प्रिंगमधून न जाता तारेतून जाईल आणि उजेड मंदावणार नाही. मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. फोटो काढून पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘सर, तुम्ही कमाल आहात.’ आता तो मला सर म्हणायला लागला.

महिनाभरानं नवीन स्विचसाठी म्हणून १४,००० मागितले. आपलाच स्विच, आपण नाही कसं म्हणणार? भरले.

मग उशीर सुरू झाला. इन्सर्ट जळाले. कांशाचा बार चुकीचा आला. बुश उन्हाळ्यात घट्ट बसतोय. ॲनोडाइझिंगला एकसारखा रंग येईना. ११ महिने हे चाललं, आणि प्रत्येक वेळी मी मान डोलावली, कारण कारणं खोटी वाटण्यासारखी नव्हती. अशा अडचणी येतात. मला रोज येतात. फक्त त्याला त्या आलेल्या नव्हत्या, कारण तो काही करतच नव्हता. आणि या नादात उशिराची एक मिजासही असते. लवकर मिळालं तर माल हलका, असं आमच्यातच म्हणतात. शेवटचे १४,००० ‘पाठवण्याआधी’ म्हणून घेतले. एकूण ३८.

एक गोष्ट आठवली की अजून स्वतःचाच राग येतो. आमच्या शेडला दोन किलो ईएन ८ पोलाद आणलं तरी मी टीसी, म्हणजे धातूच्या तपासणीचा दाखला, मागतो, त्यावरचा हीट नंबर (कुठल्या वितळणीतला माल ते) ताडून बघतो. त्याच्याकडं बारची टीसी मी ११ महिन्यांत एकदाही मागितली नाही. मशीन चालू असतानाचा व्हिडिओ मागितला तर फोटो यायचा. फोटोवर मी समाधान मानायचो.

टॉर्च आली मात्र. मखमली पेटी, नंबर ०७/३० म्हणजे तीसातली सातवी, अंगावर निळसर-जांभळी झाक. हातात घेतल्या क्षणी हात म्हणाला, जड आहे. डोकं म्हणालं, भिंत जाड केली असेल, हेडमध्ये तांबं घातलं असेल. त्यानं आधीच तसं सांगून ठेवलं होतं. चुंबक लावून बघितला, चिकटला नाही. म्हटलं झालं. पण स्टेनलेसच्या ३०४ लाही चुंबक धड चिकटत नाही, हे मला माहीत नाही काय? माहीत होतं. त्या दिवशी आठवायचं नव्हतं.

बटण दाबलं. अर्धवट दाबलं तर काही नाही. पूर्ण दाबून सोडलं तेव्हा पेटली.

रिव्हर्स!

टेलकॅप उघडली. आत बाजारातला साधा तयार स्विच, वर रबरी टोपी, टोपीवर चिकटवलेली धातूची चकती. बुश नाही, तार नाही. मग मी मधली नळी सुटी केली आणि व्हर्नियर लावला. बाहेरून २४ मिलिमीटर, आतून १९, लांबी ७२. म्हणजे साधारण १२ घन सेंटिमीटर. ग्रेड ५ ची घनता ४.४३, म्हणजे वजन ५४ ग्रॅम, खाचा वजा जाता त्याहून कमी. शहापूरला सराफ गल्लीत माझा शाळेतला दोस्त आहे, त्याच्या काट्यावर ठेवली. ९३ ग्रॅम. तो म्हणाला, ‘काय रे, सोनं हाय काय?’ म्हटलं, सोन्याच्याच भावानं घेतलीय.

शेडवर येऊन नळीची आतली कड ग्राइंडरला नुसती टेकवली. टायटॅनियमची ठिणगी डोळे दिपवणारी पांढरी असते, एकदा बघितली की विसरत नाही. इथं पिवळट-नारिंगी आखूड ठिणग्या पडल्या. स्टेनलेस. रंगाचंही तसंच, स्टेनलेस तापवलं तरी निळं-जांभळं होतं. निळी झाक म्हणजे टायटॅनियम असं नाही. घ्यायची असेलच तर रंगावर जाऊ नका, सुट्या नळीचं वजन आणि मापं लेखी मागा आणि आल्या दिवशी काट्यावर ठेवा. खोटं बोलणाऱ्याला वजन खोटं करणं सगळ्यात अवघड. नळी पातळ करून वजन जुळवलं, तर मापात सापडतो.

इथवर माझं नुकसान माझ्यापुरतं होतं. पुढच्या आठवड्यात निपाणीहून एकाचा फोन आला.

‘तुम्ही ते स्विचवाले काय हो? बेळगावचे?’

माझा नंबर त्याला त्या ‘सर’नीच दिला होता. माझ्या चित्राचा फोटो तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दाखवत होता आणि सांगत होता, उद्यमबागेतल्या टूलरूमवाल्यानं डिझाइन केलाय, शंका असेल तर विचारा. निपाणीच्या माणसाच्या टॉर्चवरही नंबर ०७/३०. त्याचे ३८ गेले, त्याच्या मेहुण्याचे १०. गडहिंग्लजला आणखी एक निघाला. माझं नाव नसतं तर पैसे भरले नसते, असं निपाणीवाला तोंडावर म्हणाला नाही. नुसता गप्प राहिला. त्याला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला. पैसे गेल्यावर लगेच, काही तासांत लावला तर समोरच्याच्या खात्यात रक्कम गोठवायची शक्यता असते. माझा शेवटचा हप्ता जाऊन सहा आठवडे झाले होते. मग स्टेशनला लेखी तक्रार. मी बोलत गेलो, कॉन्स्टेबल कन्नडात उतरवत गेला. टायटॅनियम तेवढं टायटॅनियमच राहिलं. बुश म्हणजे काय ते सांगायला मला खिशातला एक काढून दाखवावा लागला. ‘पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८,’ तो म्हणाला. मग टॉर्च उलटसुलट बघून त्यानं विचारलं, ‘ही पेटते ना? मग?’ त्यालाही समजावलं. फोनवरची बोलणी, बँकेचे उतारे, वजनाची चिठ्ठी सगळं जोडलंय. खातं ज्या बाईच्या नावावर होतं तिला तो ‘सर’ ओळखतही नव्हता, असं कळतंय. पैसे येतील असं धरून मी बसलेलो नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळं. परवा गडहिंग्लजवाल्यानं एक फोटो पाठवला. दुसऱ्या नावानं, दुसऱ्या नंबरवरून नवीन बॅच निघालीय. ४० नग, टायटॅनियम, ‘कांशाच्या बुशचा खास फॉरवर्ड स्विच’, बुकिंग १२,०००. सोबत स्विचचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र, आणि खालची माझी सही कापलेली. तुम्हाला कुणी ते चित्र पाठवलं तर उजवा कोपरा मोठा करून बघा. तिथं चहाच्या कपाचा अर्धगोल डाग आहे. त्या रात्री बायकोनं चहा आणून कागदावरच ठेवला होता.