जुनी गाडी चेक करून देणाऱ्या काकांचा रिव्ह्यू : मशीन बॅगेतच राहिलं

बेळगावात जुनी गाडी घ्यायच्या आधी येऊन चेक करून देणारे आहेत, त्यातल्या एकाचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही. दोन स्टार देतोय, ते पण मेहुण्याच्या गाडीमुळं.

मेहुणा अनगोळात एक गाडी बघितला होता, तेव्हा याच काकांनी दहा मिनिटात पकडलं. पेंटची जाडी मोजायचं मशीन लावले, सगळी गाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉन आणि एका दारावर एकदम ४०० च्या वर, म्हणजे ठोकून पुट्टी भरलेली. विकणारा पोरगा निमूट २०,००० खाली आला. म्हणून मी पण त्यांनाच बोलावलो.

माझी गाडी हिंडलग्याकडं होती, २०१७ ची डिझेल, एमएच १० पासिंग. मालक रिटायर्ड सुभेदार, असं तेच म्हणाले, आम्ही कोण विचारलोय! पिळदार मिशी, हॉलमध्ये युनिफॉर्मातला फोटो. काकांचे वडील मराठा सेंटरला, म्हणजे इथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात होते, मग काय, दोघं १७६८ पासून सुरू झाले, रेजिमेंट किती जुनी, तुमची बटालियन कुठली, चहा आला, कुंदा आला. सोफ्यावरनं उठले तेव्हा काकांची चालच बदललेली. बॉनेट साहेब उघडले, इंजिनचा आवाज साहेब ऐकवले, किलोमीटर साहेब सांगितले आणि काका मागनं टिक मारत गेले, मशीन बॅगेतच. मी हळूच म्हटलो, काका, मॅट उचलून बघूया काय? तर मलाच गप्प केले, "फौजी माणूस हाय ओ, असं संशयानं बघायचं नसतंय."

रिपोर्ट आला, सगळं ओके. फी ९००.

दोन महिन्यात काचा वर-खाली व्हायच्या बंद, एसी लावला की कुबट वास. उद्यमबागच्या गॅरेजमधला पोरगा, वय असेल विशीचं, काही न बोलता सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ. कार्पेट उचलला तर खाली वाळलेला गाळ, सीटच्या पट्ट्या गंजलेल्या. एमएच १० म्हणजे सांगली, आणि ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर इकडच्या माणसाला वेगळा सांगायला नको, कोल्हापूरजवळ हायवे बंद पडून आपल्याकडच्या गाड्या पण अडकलेल्या. डॅशबोर्डच्या कप्प्यात जुनी पॉलिसी होती, २०२० ला नो क्लेम बोनस शून्य, म्हणजे बहुतेक आदल्या वर्षी क्लेम झालेला. हा कागद त्या दिवशी पण तिथंच होता ओ! आणि काकांच्या स्वतःच्या फॉर्मवर छापलंय, 'बेल्ट पूर्ण ओढून पाहिला', पुढं टिक.

मला ते १९८७ चं मुंबईचं प्रकरण आठवलं, ऑपेरा हाऊसला ज्वेलर्सच्या दुकानात सीबीआयची खोटी रेड पडली होती. दुकानवाले फसले ते फसले, पण रेड टाकायला आणलेली पोरं पेपरातली जाहिरात बघून आलेली, त्यांना पण वाटत होतं आपण खरंच सीबीआयला लागलोय. दागिने गोळा करणारा आणि देणारा, दोघं पण साहेबाच्या शब्दावर. आमचे काका म्हणजे त्या पोरांपैकीच एक.

तरी तुम्हाला बोलवायचं तर बोलवा, हाताला कसब आहे त्यांच्या. फक्त विकणारा कोण, काय करतो, हे आधी सांगू नका, चहा नंतर घ्या म्हणावं, आणि स्वामी, मास्तर, पोलीस, फौजी असला कोणी विकणारा असेल तर गाडी रस्त्यावर आणून दाखवायला लावा.

फोन केल्यावर काका दुसऱ्या दिवशी गॅरेजला आले, हुज्जत न घालता ९०० परत दिले. बेल्ट स्वतः ओढून रेघ बघितले, गाळ बोटानं चोळून बघितले. साहेबांचा नंबर तोवर बंद लागत होता. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "साहेबांना पण कुणीतरी फसवलेलं असणार बघा."