वेबसाइट विकताना कमाईचा पुरावा कसा दिला : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि आमच्या सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर, या ठिकाणी येणाऱ्या भाविकांसाठी मी एक मराठी वेबसाइट चालवत होते. एसटीच्या वेळा, दर्शनाची रांग, भक्तनिवास, गड्ड्याच्या यात्रेत कुठल्या दिवशी काय असतं, अशी सगळी माहिती. कमाई मुख्यतः ॲडसेन्स या गूगलच्या सेवेतून साइटवर लागणाऱ्या जाहिरातींची, थोडी प्रवासाच्या सामानाच्या दुव्यांवरच्या कमिशनची. साइट विकायचं ठरलं आणि सगळ्यात अवघड काम समोर आलं. कमाई खरी आहे हे समोरच्याला पटलं पाहिजे, पण ते पटवताना माझा पॅन, खात्यातली शिल्लक, माझ्या दुसऱ्या साइट्सचे आकडे, घरचा पत्ता यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. मी घरून काम करते. अनोळखी माणसाच्या हाती माझा फोन नंबर आणि कमाईचा आकडा एकत्र पडणं मला मान्य नव्हतं.

त्यासाठी गेल्या काही महिन्यांत जे जे मार्ग वापरले, त्यांचा हा अनुभव. माझं मत आधीच सांगून टाकते. खरेदीदाराला माझ्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः पडताळता येतो तोच पुरावा कामाचा. आणि त्या पुराव्यात साइटच्या कमाईपलीकडचं काही दिसत असेल, तर तो द्यायचा नाही.

स्क्रीनशॉटचं काम लगेच संपतं. ब्राउझरमध्ये उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं की पानावरचा कुठलाही आकडा कुणालाही बदलता येतो, आणि त्याचा फोटो अगदी खरा वाटतो. ज्याला हा धंदा कळतो तो स्क्रीनशॉट मानतच नाही, आणि तसं करण्यात तो बरोबर आहे. मी पहिल्या निरोपातच कळवायला लागले, ‘फोटो पाठवणार नाही, थेट दाखवेन.’ त्यावर जे आनंदाने तयार झाले, तेच पुढे खरे खरेदीदार निघाले.

वाचकसंख्येसाठी गूगल ॲनालिटिक्सचा, म्हणजे गूगलच्या वाचक मोजणाऱ्या सेवेचा, व्ह्यूअर प्रवेश हा उत्तम मार्ग आहे. समोरच्याचा ईमेल जोडायचा, भूमिका ‘व्ह्यूअर’ ठेवायची. त्याला आकडे दिसतात, बदलता काही येत नाही, पासवर्ड द्यावा लागत नाही आणि मनात येईल तेव्हा प्रवेश काढता येतो. फक्त हा प्रवेश अकाउंटच्या पातळीवर न देता त्या एका प्रॉपर्टीपुरताच, म्हणजे त्या एका साइटच्या नोंदीपुरताच द्यायचा, नाहीतर एकाच अकाउंटखालच्या बाकीच्या साइट्सही त्याला दिसतात. कमाईचे आकडे तिथे जोडलेले असतील आणि ते इतक्यात दाखवायचे नसतील, तर ‘नो रेव्हेन्यू मेट्रिक्स’ ही मर्यादाही घालता येते. ही सोय फार थोड्या जणांना माहीत असते.

गूगलच्या शोधातून साइटवर किती लोक येतात ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेतला. तिथे प्रवेश मर्यादित दिला, तरी लोक काय शोधून साइटवर येतात ते शब्द दिसतातच. तेही १६ महिन्यांचे. माझ्यासारख्या साइटची खरी पुंजी तीच असते. कुठल्या पानावर कुठल्या शब्दाने गर्दी येते हे कळलं की प्रतिस्पर्धी तीच पानं महिनाभरात उभी करू शकतो. एक गृहस्थ पहिल्याच बोलण्यात किंमत विचारायची सोडून शब्दांची यादी मागत होते. कमाईबद्दल अवाक्षर नाही. मी तिथेच बोलणं थांबवलं. क्लिकची एकूण संख्या आणि आलेख सुरुवातीला सगळ्यांना, शब्द मात्र गोपनीयतेचा करार आणि इसाऱ्याची रक्कम झाल्यावरच, असा नियम मी केला आणि शेवटपर्यंत पाळला.

आता ॲडसेन्स. खरा कस इथे लागतो. ॲडसेन्सच्या खात्यात दुसऱ्याला वापरकर्ता म्हणून जोडता येतं, पण मी ते केलं नाही, कारण मग माझ्या सगळ्या साइट्सचे आकडे त्याच्यासमोर येतात. शिवाय गूगलच्या अटी वाचून ठेवणं गरजेचं आहे. क्लिकचं प्रमाण आणि जाहिरातींच्या कामगिरीचे इतर आकडे त्या गोपनीय मानतात, पण गूगलने एकूण किती पैसे दिले हे खरं खरं सांगायची मुभा देतात. म्हणून मी एक वेगळा रिपोर्ट बनवून जतन केला : साइटची चाळणी लावलेली, रकाना फक्त कमाईचा, महिन्यावार. वाचकसंख्या ॲनालिटिक्सवरून, पैसे इथून.

तो दाखवायचा गूगल मीटवर. यात एक बारीक अडचण आहे. नुसता टॅब शेअर केला तर समोरच्याला ॲड्रेस बार दिसत नाही. मग पान खरंच गूगलचं आहे की घरी बनवलेलं आहे, हे त्याने कसं ओळखायचं? आणि पूर्ण स्क्रीन शेअर केली तर माझे बुकमार्क, व्हॉट्सॲपचे निरोप, उघडे राहिलेले बँकेचे टॅब सगळं चव्हाट्यावर. यावर मला लागू पडलेला उपाय असा : क्रोममध्ये एक कोरं प्रोफाइल बनवायचं, त्यात ॲडसेन्सचं एकच पान उघडायचं, नोटिफिकेशन बंद करायची आणि ती एकच विंडो शेअर करायची. ॲड्रेस बार दिसतो, बाकी काही दिसत नाही. पेमेंट्सच्या पानावर जायचंच नाही, तिथे पत्ता आणि बँकेचा तपशील असतो. होमपेजवरही नाही, तिथे सगळ्या साइट्सची बेरीज दिसते.

पुण्याच्या एका खरेदीदारांनी हे सत्र फार छान घेतलं. म्हणाले, ‘मॅडम, पान रीलोड करा. आता मी सांगतो ते महिने काढा.’ मी काढले. ‘आता वर्ष बदला. परत रीलोड.’ तारखा त्यांनी निवडायच्या, माऊस माझ्या हातात. बनावट आकडे आधीच भरून ठेवले असते, तर अशा उलटसुलट मागणीपुढे ते टिकले नसते. मग साइट माझ्याच ताब्यात आहे हे पाहण्यासाठी त्यांनी एक शब्द सांगितला, ‘शेंगाचटणी’, आणि पुढे चार आकडे. ते मी साइटवरच्या एका नव्या पानावर टाकले, त्यांनी आपल्या फोनवरून उघडून पाहिले. माझं पूर्ण नाव त्यांना तोवर माहीत नव्हतं, पण साइट माझ्याच हातात आहे याबद्दल शंका उरली नाही.

बँकेच्या स्टेटमेंटचा अनुभव मला कटकटीचा वाटला. ॲडसेन्सची देय रक्कम १०० डॉलरच्या पुढे गेल्यावरच पैसे निघतात, महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. त्यामुळे मंद महिन्यांची कमाई पुढच्या हप्त्यात मिसळते. रिपोर्टमधली रक्कम अंदाजे असते, महिना संपल्यावर अवैध क्लिकची वजावट होऊन ती पक्की होते, मग डॉलरचा दर आणि बँकेचे शुल्क. म्हणजे रिपोर्ट आणि बँकेतली जमा कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि प्रत्येक नव्या माणसाला हे पहिल्यापासून समजवावं लागतं.

वर झाकाझाकीचा धोका. पीडीएफवर काळी पट्टी ओढली म्हणजे मजकूर पुसला गेला असं नसतं. खाली तो जसाच्या तसा राहतो. सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं की खातेक्रमांक बाहेर येतो. पट्टी मारल्यावर पानाची इमेज बनवायची, मगच पीडीएफ, आणि पाठवण्याआधी स्वतः कॉपी-पेस्ट करून पाहायचं. फाइलच्या नावात आपलं नाव राहिलंय का तेही बघायचं. बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटचा पासवर्ड नाव आणि जन्मतारखेवरून बनतो, त्यामुळे कुलूपबंद मूळ फाइल आणि पासवर्ड पाठवणं म्हणजे दोन्ही गोष्टी फुकट देऊन टाकणं.

फॉर्म २६एएस, म्हणजे पॅनवर कापलेल्या कराचा प्राप्तिकर खात्याचा तक्ता, याबद्दलही विचारणा होते. त्यात कमिशन देणाऱ्या कंपनीचं नाव, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), रक्कम, कापलेला कर हे सगळं सरकारी नोंदीतून येतं, म्हणून पुरावा भक्कम. पण तो पॅनला जोडलेला कागद आहे. मुदत ठेवीच्या व्याजावरचा टीडीएस, इतर कामाचे पैसे, सगळं एकाच ठिकाणी. आणि ॲडसेन्सचे परदेशातून येणारे पैसे त्यात दिसतच नाहीत, कारण त्यावर इथे टीडीएस कापला जात नाही. म्हणजे मोठी कमाई सिद्ध होत नाही आणि खासगी माहिती मात्र जाते. मी तो कुणालाही दिला नाही.

दिला तो सीएचा दाखला, आणि या सगळ्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. नवी पेठेतल्या आमच्या सीएंना मी विचारलं, ‘साहेब, एका साइटपुरतं उत्पन्न लिहून देता येईल का?’ ते म्हणाले, ‘येईल की. पण मला सगळं बघावं लागेल.’ त्यांनी स्टेटमेंट, ॲडसेन्सचे साइटवार रिपोर्ट, २६एएस आणि माझ्या वह्या समोरासमोर लावल्या. बँकेतली एकत्र जमा साइटवार कशी विभागली तो तक्ता मागितला, दोन महिन्यांचा ताळा पुन्हा करायला लावला. मग २०२४-२५ या आर्थिक वर्षात अमुक वेबसाइटपासून इतकं उत्पन्न मिळालं, एवढाच मजकूर. खातेक्रमांक नाही, शिल्लक नाही, दुसऱ्या साइटचा उल्लेख नाही.

त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. १८ अंक-अक्षरांचा हा क्रमांक आयसीएआय या सीएंच्या संस्थेने सीएंच्या दाखल्यांसाठी १ फेब्रुवारी २०१९पासून सक्तीचा केला. खरेदीदार आयसीएआयच्या यूडीआयएन पोर्टलवर जाऊन तो क्रमांक टाकतो आणि दाखला खरा आहे की नाही ते स्वतः पाहतो. मला मध्ये पडायची गरजच नाही. अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हा चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट, १९४९नुसार व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, म्हणून माझं सगळं आर्थिक चित्र ज्या एका माणसाने पाहिलं, त्याच्यावर कायद्याचं बंधन आहे. चार अनोळखी लोकांनी माझं स्टेटमेंट अर्धवट पाहण्यापेक्षा एका जबाबदार माणसाने पूर्ण पाहावं आणि बाकीच्यांनी त्याची सही तपासावी, ही व्यवस्था मला मनापासून आवडली.

उणीवाही आहेत. दाखला झालेल्या वर्षाचा असतो, चालू महिन्यांचं काही सांगत नाही. वाचक खरे की विकत आणलेले, हेही त्यात कळत नाही. म्हणून ॲनालिटिक्स आणि थेट सत्र सोबत हवंच. फी वेगळी. आणि जुलै किंवा सप्टेंबरमध्ये सीएंकडे हे काम घेऊन जाऊच नका, विवरणपत्रं आणि लेखापरीक्षणाच्या गर्दीत ते मागे पडतं.

एक गोष्ट मी कुणी न विचारता प्रत्येकाला सांगितली, आणि ती सांगायलाच हवी असं मला वाटतं. अशा साइटची कमाई पंचांगावर चालते. आषाढी एकादशी २०२४ साली १७ जुलैला होती, २०२५ साली ६ जुलैला. त्यामुळे २०२५च्या जूनमध्ये वारीची गर्दी आदल्या वर्षापेक्षा जास्त पडली आणि नुसता जून-जून ताडून पाहिला तर साइट एकदम वाढल्यासारखी दिसते. जून आणि जुलै मिळून पाहिले की चित्र सरळ होतं. जानेवारीत गड्डा, नवरात्रात तुळजापूर, कार्तिकीला पुन्हा पंढरपूर, मधले महिने शांत. पूर्ण वर्षापेक्षा कमी काळाचे आकडे मी कुणालाच दिले नाहीत. कमाईचा पुरावा खरा असूनही माणसाची दिशाभूल होऊ शकते, आणि पैसे मोजणारा माणूस शेवटी आपल्यासारखाच घर चालवणारा असतो.

ईमेल घेणाऱ्या वाचकांची यादी शेवटपर्यंत उघडली नाही, फक्त संख्या सांगितली. ते पत्ते माझे नाहीत, वाचकांचे आहेत, आणि २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीबद्दल स्पष्ट आहे. व्यवहारानंतर मी वाचकांना मालक बदलत असल्याचं कळवलं, ज्यांना नको होतं त्यांची नावं काढली, मगच यादी दिली.

साइट अखेर लातूरच्या एका जोडप्याने घेतली. त्यांनी यूडीआयएन तपासला, दोन सत्रं घेतली, तिसरं मागितलं नाही. ॲडसेन्सचं खाते विकता किंवा नावावर करता येत नाही, त्यांना आपल्या खात्यातून साइटची मंजुरी नव्याने घ्यावी लागेल, हे मी करारातच लिहून घेतलं. डोमेन त्यांच्या नावावर गेलं त्या संध्याकाळी मी ॲनालिटिक्समध्ये जाऊन आधीच्या सगळ्या इच्छुकांचे व्ह्यूअर प्रवेश एकेक करून काढले, मग प्रॉपर्टी त्यांच्या हवाली केली.